शिवीतलं विष कुठं जातं?

'अरे शिंच्या!' ही हाक ऐकून आज कुणी चिडत नाही. उलट तिच्यात थोडी माया वाटते. पण शब्द आलाय 'शिंदळीच्या'वरून, आणि शिंदळी म्हणजे व्यभिचारिणी. मूळ घाव थेट आईवर. मधली दोन अक्षरं गळाली आणि धार गेली. सहज तोंडातून निसटणाऱ्या 'च्यायला'तही आईच दडलेली आहे.

शिवी किंवा शपथ ओठांवर येते, मग जीभ चाचरते आणि शब्द मोडून बाहेर पडतो. फ्रेंचमध्ये 'पार द्यू', म्हणजे देवाशपथ, याचं 'पारब्लू' झालं. ब्लू म्हणजे निळा. अर्थाचा काही संबंध नाही, फक्त देवाचं नाव टळलं. इंग्रजीतलं जुनं 'झाउंड्स' म्हणजे 'गॉड्स वूंड्स', ख्रिस्ताच्या जखमांची शपथ. पण तेव्हा अशी मोडकी शपथही बोचत असे. रंगमंचावर देवाचं नाव उथळपणे घेतलं तर दहा पौंड दंड, असा कायदा इंग्लंडात १६०६ मध्ये झाला. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या १६२२ च्या छापील प्रतीत इयागो हा खलनायक ओरडतो, 'झाउंड्स, महाराज, तुम्हाला लुटलंय!' शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात तेच वाक्य 'महाराज'पासून सुरू होतं.

मोडताना कोणते आवाज घुसतात, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. २०२२ साली लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हिंदी, हिब्रू, कोरियन, हंगेरियन आणि रशियन शिव्या तपासल्या. त्यांत य, र, ल, व यांसारखे घसरते आवाज कमी सापडले. आपलं व्याकरण या वर्णांना कधीपासून 'अंतःस्थ' म्हणतं! इंग्रजीतल्या मवाळ केलेल्या शिव्यांत मात्र हेच आवाज मूळ शिव्यांपेक्षा जास्त निघाले. 'डॅम'चं 'डार्न' होताना र शिरतो, 'गॉड'चं 'गॉली' होताना ड जाऊन ल येतो.

तरी नुसत्या आवाजात शिवीचं बळ नसतं. इंग्लंडातल्या कील विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात लोकांनी बर्फगार पाण्यात हात बुडवला. खरी शिवी घोकताना त्यांनी कळ जास्त वेळ सोसली. मग 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' असे दोन नवे शब्द दिले. शिवीसारखे वाटावेत म्हणून मुद्दाम घडवलेले, पण ज्यांच्यासाठी लहानपणी कुणी कधी ओरडा खाल्ला नव्हता. ते घोकून काही फरक पडला नाही. साधा शब्द म्हणताना हात जेवढा वेळ पाण्यात टिकायचा, तेवढाच टिकला.