विथड्रॉवल संपलं म्हणजे तलफ गेली असं नाही

व्यसन सोडायला ॲडमिट केलेला माणूस आठ-दहा दिवसांत नीट जेवायला झोपायला लागला की घरचे म्हणतात, सुटलं एकदाचं. मग दोन महिन्यांनी त्याने परत घेतलं की सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, ह्याच्यात दमच नाही म्हणून. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण विथड्रॉवल वेगळं आणि तलफ वेगळी, दोघांचं वेळापत्रकसुद्धा उलटं चालतं.

विथड्रॉवल म्हणजे नशा बंद झाल्यावर सवय झालेल्या शरीराची ओरड. हेरॉईनचं घ्या, शेवटच्या डोसनंतर साधारण 8 ते 12 तासांत जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात, दोन-तीन दिवसांत कळस आणि आठवड्याभरात बरंचसं ओसरतं. ड्रगने दाबून ठेवलेलं नॉरॲड्रेनलिन (शरीराला सावध, उत्तेजित करणारं रसायन) एकदम उसळतं, कॉर्टिसोल हे स्ट्रेस हॉर्मोनही वाढतं. कॅन्सरसाठी महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या पेशंटलाही ते अचानक बंद केलं तर हाच त्रास होतो, पण म्हणून तो व्यसनी नसतो. (दारूचं विथड्रॉवल मात्र जिवावर बेतू शकतं, फिट येतात, त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये.)

तलफेचं तसं नाही. कोकेन सोडल्यावर उलट्या-जुलाब असलं फारसं काही होत नाही तरी तलफ जबरदस्त. 2001 साली उंदरांवरचा एक प्रयोग छापून आला, खटका दाबला की कोकेन अशी सवय लावून मग ते बंद केलं आणि नंतर वेगवेगळ्या दिवशी फक्त कोकेनसोबत लागणारा दिवा आणि आवाज दिला, तर पहिल्या दिवसापेक्षा 60 व्या दिवशी उंदीर खटका कितीतरी जास्त वेळा दाबत होते. म्हणजे दिवस गेले तशी ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढली!

आणि हॉर्मोनचा भाग तर अजूनच गुंतागुंतीचा आहे. टेन्शन आलं की माणूस परत घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि आपण धरून चालतो की रक्तातलं स्ट्रेस हॉर्मोनच हे करतं. पण उंदरांच्या हे हॉर्मोन बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी काढून, ते हॉर्मोन बाहेरून एकसारख्या पातळीवर ठेवून, पायाला हलका शॉक दिला तरी ते परत कोकेनच्या खटक्याकडे वळले. उलट मेंदूतल्या सीआरएफ नावाच्या रसायनाला औषधाने अडवलं तर हे वळणं बरंच कमी झालं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॉर्टिसोलची साखळी सुरू करणारं सीआरएफच, पण भीती-ताण सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात ते स्वतःही काम करतं. माणसांत मात्र सीआरएफ अडवणाऱ्या गोळ्या दारूच्या पेशंटना देऊन बघितल्या तेव्हा तलफ कमी झाली नाही, त्यामुळे उंदराचं सगळं जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही.

औषधांतही हाच फरक दिसतो. क्लोनिडीन हे औषध नॉरॲड्रेनलिन शांत करतं, म्हणजे घाम, धडधड, बेचैनी कमी, पण तलफेवर त्याचा फारसा भरवसा नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे हेरॉईनच्याच जातीचं औषध विथड्रॉवल आणि तलफ दोन्हींवर चालतं, म्हणून ते आठ दिवसांत बंद न करता महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं देतात. "हे पण एक व्यसनच की" म्हणून घरच्यांनी ते सोडायला लावू नये, कारण ते सोडल्यावर शरीराची जुना डोस पेलायची ताकद जाते आणि हेरॉईन परत पूर्वीएवढंच घेतलं तर श्वास बंद पडू शकतो.