परस्पर साहाय्य (वीज कंपन्यांमधील)

चक्रीवादळात एखाद्या वीज कंपनीचे जाळे कोलमडले की इतर कंपन्यांनी आपले लाइनमन, गाड्या आणि साहित्य तिच्या मदतीला धाडायचे, अशी अमेरिकेतील रूढ व्यवस्था. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात वीज एकट्या महावितरणची, त्यामुळे दुसऱ्या परिमंडळातले कर्मचारी आदेश काढून हलवता येतात. अमेरिकेत मात्र खासगी, नगरपालिकांच्या आणि सहकारी मिळून सुमारे ३,००० वीजसंस्था आहेत. तिथे सगळी भिस्त आधी झालेल्या करारांवर असते.

खासगी कंपन्यांचा समन्वय एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट ही त्यांची संघटना आणि कंपन्यांचे प्रादेशिक गट पाहतात. वादळ धडकण्याच्या काही दिवस आधीच मागणी जाते आणि पथके वादळाच्या वाटेबाहेर तळ ठोकतात. पगार, प्रवास, राहणे-जेवण हा खर्च मागणाऱ्या कंपनीने द्यायचा. मदतीवर नफा घ्यायचा नाही.

पाहुण्या लाइनमनला तिथली वाहिनी अनोळखी असते. विजेचा दाब वेगळा, वाहिनी चालू-बंद करण्याचे (स्विचिंगचे) नियम वेगळे. म्हणून आधी सुरक्षेची माहिती, मगच काम. तुटलेली तारही बंद आहे असे गृहीत धरता येत नाही. अंधारातल्या एखाद्या घराने जनरेटर थेट वायरिंगला जोडला असेल, तर ती वीज रोहित्रातून उलटी चढते आणि खांबावर हजारो व्होल्ट होऊन पोहोचते. चाचणी आणि अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नसतो.

२०१२ च्या सँडी वादळात ८० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. कॅलिफोर्नियातल्या दुरुस्तीच्या गाड्या हवाई दलाच्या विमानांनी न्यूयॉर्कला नेल्या गेल्या. प्रादेशिक गट अपुरे पडतात हे तेव्हा दिसले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय पातळीवरची कार्यपद्धती ठरली.

या व्यवस्थेचे मोल सर्वांत स्पष्ट दिसले ते सप्टेंबर २०१७ मध्ये. इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडा पॉवर अँड लाइटने बाहेरच्या हजारो कामगारांच्या बळावर सुमारे ४४ लाख ग्राहकांची वीज दहा दिवसांत पूर्ववत केली. त्याच महिन्यात मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या अखत्यारीतले कॅरिबियन बेट अंधारात बुडवले. तिथल्या दिवाळखोर सरकारी कंपनीने परस्पर साहाय्य मागण्याऐवजी मोंटानातल्या एका छोट्या कंपनीला ३० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. टीकेनंतर ते रद्द झाले आणि मदतीची मागणी ऑक्टोबर अखेरीस गेली. जीर्ण जाळे आणि डोंगराळ बेट या अडचणी होत्याच, पण हातचे सहा आठवडे गेले ते या निर्णयामुळे. पुढे गाड्या बार्जवरून (सपाट मालवाहू नौकांवरून) न्याव्या लागल्या. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला.