शिक्षणात खंड पडल्यानंतर एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

पदवी होऊन दहा-पंधरा, कधी पंचवीस वर्षं उलटलेली असतात आणि पुन्हा शिकायचं मनात येतं. तेव्हा बहुतेक जण पहिला प्रश्न वयाचा विचारतात. विद्यापीठांत एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.साठी कमाल वयाची अट सर्वसाधारणपणे नसते. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २०२२ पासून घेतल्या जाणाऱ्या सीयूईटी-पीजी परीक्षेलाही वयोमर्यादा नाही. वय आडवं येतं ते पुढे, फेलोशिपच्या वेळी. यूजीसी-नेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) परीक्षेतल्या जेआरएफसाठी, म्हणजे संशोधनासाठीच्या फेलोशिपसाठी, खुल्या गटाला ३० वर्षांची मर्यादा आहे. त्याच परीक्षेतून सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळवायची असेल, तर मात्र वयाची आडकाठी नाही.

खरी अडचण कागदांची असते. प्रवेश अर्जाची मुदत थोड्या दिवसांची, आणि जुन्या महाविद्यालयातून एखादा दाखला मिळवायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून जून-जुलैत प्रवेश घ्यायचा असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत कागदांच्या मागे लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात निघाल्यावर जागं होणाऱ्यांचं वर्ष हकनाक वाया जातं.

आधी ठरवा: नियमित की मुक्त?

नियमित अभ्यासक्रमाला उपस्थितीची अट असते, बहुतेक ठिकाणी ७५ टक्के. पूर्णवेळ नोकरी करून ती पाळणं कठीण आहे. ‘प्रवेश तर घेऊ, हजेरीचं बघू’ या भरवशावर राहिलात तर परीक्षा अर्जाच्या वेळी अडाल. नोकरी किंवा घरची जबाबदारी सुटणारी नसेल, तर दूरशिक्षणाचा मार्ग कमी प्रतीचा मानू नका. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी उभं आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूमध्ये, जानेवारी आणि जुलै अशी दोन प्रवेशसत्रं असतात, आणि दोन वर्षांचं एम.ए. जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं. मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीशी समकक्ष आहेत, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्या विद्यापीठाला त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, एवढं पैसे भरण्याआधी यूजीसीच्याच संकेतस्थळावर तपासा. जाहिरातीतल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नका.

सरकारी सेवेत असाल तर कार्यालयाची परवानगी आधी घ्या. पूर्ण रजा काढून शिकायचं असेल, तर राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती मागितल्याबरोबर मिळत नाही आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, हे धरून चाला.

पात्रता

मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी ही मूळ अट. एम.एस्सी.ला सहसा तोच विषय पदवीला असावा लागतो, एम.कॉम.ला बी.कॉम. एम.ए.च्या अनेक विषयांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. अभियंता इतिहासाकडे किंवा बी.एस्सी. झालेली बाई मराठीकडे वळू शकते. एम.बी.ए., एम.सी.ए., एम.एड. यांचं गणित वेगळं आहे. तिथे राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीच्या टक्केवारीची अट असते. एम.बी.ए.साठी ती खुल्या गटाला ५०, तर राखीव प्रवर्गाला ४५ टक्के आहे.

नव्या शैक्षणिक धोरणातली एक सोय मध्येच थांबावं लागू शकणाऱ्यांच्या फार कामाची आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची मोजदाद) विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. घरात आजारपण आलं, बदली झाली, तरी केलेलं फुकट जात नाही.

कागदपत्रे

दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि पदवीच्या सर्व वर्षांची गुणपत्रकं लागतात, नुसतं शेवटच्या वर्षाचं पुरत नाही. पदवी प्रमाणपत्राबाबत अनेकांची एक गफलत होते. गुणपत्रक हातात आलं, नोकरी लागली, आणि दीक्षान्त समारंभाचा अर्ज राहूनच गेला. मग वीस वर्षांनी कळतं की पदवी प्रमाणपत्र आपण कधी घेतलेलंच नाही. घाबरू नका. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जुन्या वर्षाच्या पदवीसाठी अर्ज करता येतो. बैठक क्रमांक आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष लागतं, म्हणून गुणपत्रकाची प्रत सोबत ठेवा. गुणपत्रकच हरवलं असेल तर पोलिसांकडे नोंद करून, प्रतिज्ञापत्रासह दुय्यम प्रतीचा अर्ज करायचा.

महाविद्यालय सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., शेवटच्या महाविद्यालयातून मिळतो. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर त्याच्या जोडीला मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते तुमचं जुनं विद्यापीठ देतं. इथे एक गोष्ट नीट पाहा: तुमचं जुनं विद्यापीठ नेमकं कोणतं? सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधी सोलापुरात पदवीधर झालेल्यांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते. आज तुम्ही सोलापुरातच राहत असलात, शिकलात त्याच महाविद्यालयात परत जात असलात, तरी कागदोपत्री तुम्ही बाहेरच्या विद्यापीठाचे. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं, त्याआधीच्या पदव्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, त्याआधीच्या नागपूर विद्यापीठाच्या. गुणपत्रकाच्या माथ्यावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, मायग्रेशन तिथूनच आणायचं. केवळ नाव बदललं असेल, जसं २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तर विद्यापीठ तेच असल्याने मायग्रेशनचा प्रश्न येत नाही.

खंडाचं प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर करतात. मजकूर साधा ठेवावा: ‘मी मार्च २००८ मध्ये बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर आजतागायत कोणत्याही महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्रवेश घेतलेला नाही. या काळात मी घरकाम व कुटुंबाची देखभाल करीत होते.’ नोकरी केली असेल तर तसं लिहा आणि अनुभव प्रमाणपत्र जोडा. मध्ये एखादा कोर्स अर्धवट सोडला असेल, तर तो लपवू नका. त्याची टी.सी. मागितली जाऊ शकते.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज सर्वांत जास्त इथेच अडकतात. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच, आणि शक्य असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. अर्ज, आधार आणि श्रेयांक खातं या तिन्हींत एकच नाव असू द्या, कारण नाव जुळलं नाही तर खातं जोडलं जात नाही. जातीचा दाखला मात्र वडिलांच्या बाजूचाच ग्राह्य धरतात. राखीव जागेवर अर्ज करताना जुनं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चालत नाही. प्रवेशाच्या तारखेला वैध असलेलं हवं, तेव्हा आपले सरकार पोर्टलवर वेळेत अर्ज टाका.

अर्ज भरताना

आधी डिजिलॉकर उघडा आणि त्यातून श्रेयांक खात्याचा एबीसी-अपार ओळख क्रमांक काढून ठेवा. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी याच्या आधारे यूजीसीच्या पोर्टलवर डेब-आयडीही (दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. मग विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करायची. जुनी पदवी वार्षिक पद्धतीची असेल तर श्रेयांकाच्या रकान्यात अंदाजाने आकडा टाकू नका, एकूण गुण आणि टक्केवारी लिहा. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, मुलांचा नको. गुणवत्ता यादी, शुल्काची मुदत, सगळं त्यावरच येतं.

जागा मिळून शुल्क भरलं, की बाहेरच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला तात्पुरती पात्रता देतात. पात्रता फॉर्मसोबत मूळ टी.सी. आणि मूळ मायग्रेशन जमा करावं लागतं, ते परत मिळत नाही. त्यामुळे रंगीत प्रती आधीच काढून ठेवा आणि जमा केल्याची पोच घ्या. ही पात्रता कायम झाली नाही तर परीक्षा देऊनही निकाल राखून ठेवला जातो. पहिलं सत्र संपण्याआधी पात्रता विभागात स्वतः जाऊन आपला अर्ज कुठवर आलाय ते विचारा, आणि त्रुटी निघाली असेल तर ती लेखी मागून घ्या.