‘डेडलाइन’ : कुंपणापासून मुदतीपर्यंत

मुदत या अर्थाचा ‘डेडलाइन’ हा शब्द इंग्रजीत आधी काळाशी नव्हे, तर जागेशी बांधलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची एक उघडी छावणी उभारण्यात आली. तिच्या लाकडी तटाच्या सुमारे 19 फूट आत एक ठेंगणे कुंपण होते. त्या रेषेलाच ‘डेडलाइन’ म्हणत आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर मचाणावरील पहारेकरी गोळी झाडत. तेथे सुमारे 45,000 कैदी येऊन गेले आणि त्यांपैकी जवळपास 13,000 दगावले. बहुतेक मृत्यू रोगराई आणि उपासमारीने झाले. भाषेत टिकला तो मात्र गोळीच्या भीतीचा शब्द. 1865 मध्ये छावणीच्या प्रमुखावर चाललेल्या खटल्यात या रेषेचा उल्लेख झाला आणि वृत्तपत्रांमुळे तो शब्द सर्वदूर गेला.

पुढे 1880 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी सराईत चोरांना फुल्टन रस्त्याच्या दक्षिणेकडील बँका-पेढ्यांच्या भागात येण्यास मज्जाव केला, तेव्हा त्या हद्दीलाही हेच नाव मिळाले. मरण गळून पडले, पण जागा शिल्लक राहिली.

खरा वाद आहे तो जागेवरून काळाकडे झालेल्या उडीविषयी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांत, बातमी हातावेगळी करण्याची शेवटची वेळ या अर्थाने, हा शब्द दिसू लागतो. तो थेट छावणीतून आला, ही कथा थरारक असल्याने वारंवार सांगितली जाते. परंतु मधल्या अर्धशतकाचा हिशेब ती देत नाही. छापखान्यात सिलिंडर यंत्राच्या पाटावर एक खूणरेषा असे, जिच्यापलीकडे ठेवलेले अक्षरांचे खिळे नीट उमटत नसत, आणि तिलाही ‘डेडलाइन’च म्हणत. संपादकांच्या रोजच्या वहिवाटीतली ही रेषा अधिक जवळची वाटते. तथापि छपाईतील अर्थाचे लेखी दाखलेही साधारण त्याच सुमाराचे असल्याने कोणी कोणाकडून उसने घेतले, हे केवळ सनावळीवरून ठरत नाही. शिवाय त्या खूणरेषेला नाव देणाऱ्याच्या कानावर छावणीची हकिगत आलेली नसेल, असेही म्हणता येत नाही.

मराठीत हा शब्द थेट शेवटच्या अर्थाने आला. ‘डेडलाइन वाढवून मिळाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा कुंपण मागे सरकवल्याचे चित्र कोणाच्याच डोळ्यांपुढे उभे राहत नाही.