पाणी चढते केव्हा?

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला (आमच्या तालुक्यात अजूनही सगळे त्याला डी.एड.च म्हणतात) मी दरवर्षी एक जुनाच प्रयोग घेतो. परातीत बोटभर पाणी ओतायचे, मधोमध मेणाचे दोन थेंब पाडून त्यांवर मेणबत्ती उभी करायची, ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्याच वेळात मेणबत्ती विझते आणि परातीतले पाणी पेल्यात चढते. असे का झाले, हे विचारताच सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, मेणबत्तीने तो संपवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेवढे पाणी शिरले. हे उत्तर त्यांनी शाळेत ऐकलेले असते. मीही ऐकले होते आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तेच फळ्यावर लिहीत होतो. ते चुकीचे आहे.

ते चुकीचे आहे हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मेणबत्ती पुन्हा एकदा पेटवावी लागते आणि या खेपेस पाण्याच्या पातळीवर नजर ठेवावी लागते. म्हणून दुसऱ्या फेरीला मी चौघाचौघांचे गट करतो. एकाने ज्योत विझल्याचे सांगायचे, दुसऱ्याने पेल्यातले पाणी हलल्याचे सांगायचे, तिसऱ्याने मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोन्ही वेळा टिपायच्या आणि चौथ्याने पेल्याच्या काठाशी डोळा नेऊन बसायचे. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला की काठाशी काय घडते ते स्पष्ट दिसते. पंखे मात्र बंद करावे लागतात, आणि विदर्भात मार्च उलटल्यावर या प्रयोगातली सर्वांत अवघड पायरी हीच असते.

ऑक्सिजन संपत जाईल तसे पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच ते हळूहळू वर यायला हवे. तसे होत नाही. पेला टेकवता टेकवता त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, म्हणजे काहीतरी आत येण्याऐवजी बाहेरच चाललेले असते. ज्योत जळते आहे तोवर पाणी जवळजवळ जागचे हलत नाही. मग ज्योत बारीक होते, विझते, आणि त्यानंतर पाणी भराभर वर येते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हे पाहून एकदम बोलून गेली, “सर, हे तं विझल्यावर चढून राह्यलं!” तिच्या गटाने स्टॉपवॉच दोनदा तपासले, कारण आपलेच मोजमाप चुकले असावे, अशी त्यांची पहिली समजूत होती.

घडते ते असे. पेला ज्योतीवर आणताच त्यातली हवा तापते, प्रसरण पावते आणि तिचा काही भाग काठाखालून निसटतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. पेल्याच्या आतला दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा परातीतले पाणी आत ढकलते. पाणी ‘खेचले जाते’ असे आपण सहज म्हणतो, पण पेल्यात खेचणारे कोणी नसते. मेण जळताना तयार झालेली वाफ निवून काचेवर थेंबांच्या रूपाने जमते, तिचाही या कामी थोडा हातभार लागतो.

ऑक्सिजनचा वाटा अगदीच शून्य नसतो, म्हणून त्याचा जमाखर्च मी फळ्यावर मांडायला लावतो. हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग ऑक्सिजन असतो, आणि हे प्रमाण साधारण १६ पर्यंत उतरले की मेणबत्ती विझते. म्हणजे ती विझते तेव्हा बहुतेक ऑक्सिजन पेल्यातच शिल्लक असतो. जे ५ भाग खर्च झाले, त्यांच्या बदल्यात मेणातील कार्बनपासून सुमारे ३ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळतो खरा, पण एवढ्याशा वेळात फारसा नाही. शिल्लक राहिलेला फरक १०० मध्ये दोनच्या आसपास, आणि पेल्यात चढलेले पाणी मात्र त्याच्या कितीतरी पट.

मग ‘एक पंचमांश’ हा आकडा जुळतो कसा? यात योगायोगाचा भाग मोठा आहे. वायूचा दाब तोच राहिला तर त्याचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की येते त्या तापमानाच्या) प्रमाणात बदलते. पेला पाण्यात टेकतो त्या क्षणी आतल्या हवेचे सरासरी तापमान १०२ अंश सेल्सिअस आहे आणि ती निवून २७ अंशांवर आली, असे धरू. निरपेक्ष मापनात ३७५ चे ३०० झाले, म्हणजे हवा बरोबर एक पंचमांशाने आकसली. पेला सावकाश ठेवला की पाणी जास्त चढते, झटकन ठेवला की कमी चढते. पण पाठ्यक्रमाला हवा तेवढा आकडा कुठल्यातरी गटाला मिळतोच, आणि नेमका तोच वहीत उतरतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या की हा योगायोग उघडा पडतो. हवेतला ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी बरेच वर जाते. एक गट तर ज्योतच वगळतो. काचेची बरणी गरम पाण्याने हळूहळू तापवून, ते पाणी ओतून देऊन, ती लगेच परातीत उपडी ठेवतो. काहीही न जळता पाणी चढते.

या चुकीला मोठी परंपरा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने हाच प्रयोग लिहून ठेवला आहे, आणि पेल्यातल्या हवेचा काही भाग अग्नी होऊन काचेच्या छिद्रांतून निघून जातो, असे त्याने अनुमान काढले होते. त्याच्याकडे ऑक्सिजन हा शब्द नव्हता. आमच्याकडे तो आहे, एवढाच काय तो फरक.

हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन खरोखर दाखवायचा असेल तर लोखंड गंजू द्यावे. गंजताना लोखंड ऑक्सिजन पकडून घनरूप गंजात बसवते, कोणताही नवा वायू तयार होत नाही आणि काही तापतही नाही. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोखंडाचा कीस चिकटवायचा आणि ती पाण्यात उपडी उभी करायची. पहिल्या वर्षी मी आठवडी बाजारातून भांडी घासण्याची तारेची घासणी आणली होती. तीन दिवस झाले तरी पाणी तसूभरही चढले नाही, आणि वर्गाने भिडेखातर गप्प राहणे पसंत केले. घासणी स्टेनलेस स्टीलची होती. त्यात मिसळलेल्या क्रोमियमचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर आतल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. घासणी न गंजणे हाच तिचा गुण, आणि मी तिला गंजण्यासाठी आणले होते. त्यानंतर आम्ही बसस्टँडजवळच्या लेथवरून, म्हणजे लोखंड कातण्याच्या यंत्रावरून, कीस आणू लागलो. त्याला तेल लागलेले असते, म्हणून तो आधी कपडे धुण्याच्या पावडरीने धुवावा लागतो. मग थोडा वेळ व्हिनेगरमध्ये भिजवून पुन्हा स्वच्छ धुवावा लागतो, कारण व्हिनेगर राहिले तर लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आणि पाण्याला उलट खाली रेटतो. नळीवर रबरबँड लावून पातळीची खूण करायची. एकदोन दिवसांत १५ सेंटिमीटरच्या नळीत पाणी ३ सेंटिमीटरच्या आसपास चढते आणि तिथेच थांबते. कीस उरलेला असूनही ते थांबते, हे पाहण्यासारखे असते.

छात्राध्यापकांची अडचण प्रयोग करण्यात नसते, ती वहीत असते. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशी चार शीर्षके आखलेली असतात आणि जर्नल बहुधा वरच्या वर्गातील कोणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेले असते. निष्कर्ष आधी लिहिला जातो आणि निरीक्षण त्याला जुळेल असे मागाहून भरले जाते. म्हणून मी निरीक्षणाच्या रकान्यात घड्याळाची वेळ आणि फूटपट्टीचे माप असल्याशिवाय सही करत नाही. याचा जाच एकदा एका मुलीला झाला. प्रात्यक्षिक परीक्षेत तिने ‘हवा थंड झाल्यामुळे’ असे लिहिले आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल फुली मारून गुण कापले. परीक्षकांशी वाद घालू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. तो मी पाळला, आणि ते मला अजून टोचते.

हाताने करून शिकण्याची गोष्ट विदर्भाला नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला आणि सेवाग्रामला ‘नई तालीम’ या नावाने त्या शिक्षणाचे काम उभे राहिले. पुढे सातपुड्यापलीकडे, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. तो जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने थांबवला. त्या उपक्रमात मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करायचे, असा दंडक होता. मला त्यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण स्वतः कधी न फसलेला शिक्षक मुलांच्या फसलेल्या प्रयोगाला केवळ गोंधळ समजतो.

शिवाय प्रत्येक वेळी शिकवणाऱ्यालाच अधिक कळते, असेही नाही. मातीतून पाणी झिरपण्याच्या कृतीत आम्ही बुडे कापलेल्या बाटल्या उलट्या टांगून एकीत रेती, एकीत मुरूम आणि एकीत काळी माती भरतो. काळी माती पाणी धरून ठेवते, हे पुस्तकातले वाक्य मी सांगून टाकले होते. पण वर्गातल्या एकाने शेतातून भेगाळलेले ढेकूळ जसेच्या तसे आणले, आणि पहिले पाणी त्यातून रेतीपेक्षाही आधी खाली आले. तो हसला. त्याला ते ठाऊकच होते, कारण उन्हाळ्यात भेगा पडलेल्या वावरात पहिल्या सरींचे पाणी कुठे जाते, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याच ढेकळातून पाणी उतरेना. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि आपल्याच भेगा बुजवतात.

फुली मिळालेल्या त्या मुलीने पुढे आंतरवासितेत, म्हणजे शाळेतील सरावाच्या काळात, दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मेणबत्तीचाच पाठ घेतला. तिसरी ते पाचवीची मुले एकाच खोलीत बसलेली होती. पाणी केव्हा चढते, हे मुलांनी पटकन पकडले. का चढते, यावर मात्र सगळे अडले. पेला कलंडू नये म्हणून एका चौथीतल्या मुलाला तो धरायला सांगितले होते. त्याने एकदम हात काढून घेतला आणि म्हणाला, “मॅडम, पेला तापला.” थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात लावला. “आता थंडा झाला.”

तिने हे संध्याकाळी फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले की इतक्या वर्षांत मी डोळा, घड्याळ आणि फूटपट्टी यांनाच कामाला लावले होते. त्या पेल्याला हात लावायला मी कोणालाच सांगितले नव्हते. या वर्षीच्या पाठ टाचणात एक पायरी वाढवली आहे: पेल्याला बाजूने तीनदा हात लावून पाहा, ज्योत जळत असताना, ती विझल्यावर आणि पाणी चढायचे थांबल्यावर. वरच्या बुडाला मात्र हात लावू नका, तिथे चटका बसतो.