फाइलींची कालरेषा आणि आवृत्त्यांची कालरेषा

पडद्याच्या कडेला तारखांची एक पट्टी असते आणि ती मागे सरकवली की जुने काहीतरी समोर येते. एवढ्या वर्णनात बसणारे, पण मुळातच वेगळे असलेले दोन इंटरफेस आज वापरात आहेत, आणि दिसायला ते इतके सारखे आहेत की वापरणाऱ्यांप्रमाणेच ते घडवणाऱ्यांचाही त्यांच्याबाबत घोटाळा होतो. पहिल्यात काळाच्या पट्टीवर फाइली मांडलेल्या असतात: कोणती फाइल केव्हा तयार झाली, केव्हा बदलली, केव्हा उघडली गेली. दुसऱ्यात पट्टीवर फाइलींच्या अवस्था मांडलेल्या असतात: अमुक दिवशी हा फोल्डर जसा होता तसा. “मार्चमध्ये ज्यावर काम केले तो अहवाल कुठे गेला?” हा पहिल्या पट्टीला विचारायचा प्रश्न आहे, तर “हा अहवाल मार्चमध्ये कसा होता?” हा दुसरीला. पहिल्या प्रश्नात फाइल हरवलेली आहे आणि काळ आठवतो आहे. दुसऱ्यात फाइल हातात आहे आणि तिचा गतकाळ हरवला आहे.

पहिल्या प्रकाराची वंशावळ बरीच जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रातील जॉक मॅकिन्ले, जॉर्ज रॉबर्टसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 1991 मध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह वॉल’ मांडली. तिच्यात आडव्या दिशेने फाइल बदलल्याची तारीख आणि उभ्या दिशेने फाइलीचा प्रकार अशी रचना होती. मधला भाग सरळ समोर दिसे आणि दोन्ही बाजू मागे वळत गेलेल्या असत, त्यामुळे हवा तो आठवडा तपशिलात पाहताना त्याच्या आगेमागचा काळही नजरेआड होत नसे. त्यानंतर काही वर्षांतच येल विद्यापीठात एरिक फ्रीमन आणि डेव्हिड गेलर्नटर यांनी ‘लाइफस्ट्रीम्स’ ही अधिक टोकाची कल्पना पुढे आणली. फाइलीला नाव देण्याची आणि तिच्यासाठी फोल्डर ठरवण्याची सक्तीच त्यांना नको होती. प्रत्येक दस्तऐवज आणि प्रत्येक पत्र एकाच कालक्रमी प्रवाहात पडावे आणि शोध घेतला की त्यातून हवा तो उपप्रवाह वेगळा व्हावा, अशी ती योजना होती. या प्रवाहाला भविष्यही होते, कारण पुढच्या तारखेवर ठेवलेली आठवण तो दिवस उजाडला की आपोआप वर्तमानात येई. सर्वसामान्यांच्या पडद्यावर ही कल्पना ठळकपणे आली ती 2018 च्या एप्रिलमध्ये, विंडोज 10 मधील ‘टाइमलाइन’च्या रूपाने, 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 मध्ये मात्र ती ठेवली गेली नाही.

दुसऱ्या प्रकाराचा उगम इंटरफेसमध्ये नसून साठवणुकीच्या तंत्रात आहे. बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या ‘प्लॅन 9’ या संगणक कार्यप्रणालीत फाइल सर्व्हर दररोज संपूर्ण साठ्याची त्या क्षणीची अवस्था नोंदवून ठेवत असे, आणि ती वर्ष व दिनांक यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये नेहमीच्या फाइलींसारखीच उघडता येई. कालची प्रत काढून देणारी ‘येस्टरडे’ नावाची आज्ञाही तिथे होती. तारखांची पट्टी नव्हती, सरकवायचे काही नव्हते, तरीही आवृत्त्यांच्या कालरेषेचा सगळा अर्थ त्या फोल्डरांत पूर्णपणे होता. माझ्या मते तर नंतरच्या अनेक देखण्या रूपांपेक्षा तो तिथे अधिक स्वच्छ होता. 2007 मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्सच्या लेपर्ड आवृत्तीत ‘टाइम मशीन’ आणले आणि त्याच कल्पनेला ताऱ्यांनी भरलेल्या अवकाशात मागे मागे जाणाऱ्या खिडक्यांचे रूप मिळाले. उजव्या कडेला तारखांची पट्टी आणि मध्ये तोच फोल्डर, पण क्रमाक्रमाने जुना होत जाणारा.

या दोहोंमधील साम्य न्यायालयापर्यंतही पोहोचले. लाइफस्ट्रीम्सशी संबंधित पेटंटे हाती असलेल्या ‘मिरर वर्ल्ड्स’ या कंपनीने ॲपलविरुद्ध दावा लावला, आणि ज्या सुविधांवर आक्षेप घेतला त्यांत टाइम मशीनही होते. 2010 मध्ये टेक्सासमधील ज्युरीने 62.55 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, 2011 मध्ये न्यायाधीशांनी ती रद्द केली आणि 2012 मध्ये अपील न्यायालयाने रद्द करणे योग्य ठरवले. हे निर्णय पेटंट कायद्याच्या निकषांवर झाले, या लेखातल्या फरकावर नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. पण कागदपत्रांचा प्रवाह आणि बॅकअपची रांग या दोन गोष्टी एकाच वादात शेजारी उभ्या राहू शकल्या, यावरून त्यांचे बाह्यरूप किती जवळचे आहे ते दिसते.

खरा फरक सुरू होतो तो तारखेपासून. पहिल्या प्रकारात फाइल कोणत्या तारखेवर ठेवायची, हा वाटतो तितका सोपा प्रश्न नाही. विंडोजमध्ये फाइलीची प्रत काढली की नव्या प्रतीवर निर्मितीची तारीख आजची लागते, पण बदलाची तारीख मूळ फाइलीचीच राहते, आणि परिणामी एखादी फाइल जन्माआधीच बदललेली दिसते. युनिक्स परंपरेतील प्रणालींमध्ये ‘सी-टाइम’ म्हणून जी वेळ असते ती निर्मितीची आहे असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती फाइलीविषयीची माहिती, म्हणजे मालकी, परवानग्या, आकार वगैरे, शेवटची केव्हा बदलली ती वेळ असते. शेवटच्या वाचनाची वेळही भरवशाची नाही, कारण फाइल माणसाने वाचली की बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमने, यात ती फरक करत नाही. शिवाय प्रत्येक वाचनाला ती लिहिणे खर्चिक असल्याने लिनक्समध्ये ती सरसकट न लिहिण्याचीच पद्धत रूढ झाली आहे. छायाचित्रांच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख त्या मानाने उपयोगी असते, पण बरीच वर्षे त्या नोंदीत कालविभागाला (टाइम झोनला) जागाच नव्हती, त्यामुळे परदेशातून आणलेले फोटो आणि घरचे फोटो एका पट्टीवर आले की त्यांचा क्रम काही तासांनी विस्कटतो. फोल्डरमधील यादी बदलाच्या तारखेने लावली म्हणजे कालरेषा तयार झाली, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ती यादी अशाच तारखांवर उभी असते.

त्याहून मोठी अडचण अशी की फाइलीवरचा तारखेचा शिक्का स्वतःलाच पुसतो: नवी तारीख लागली की जुनी जाते. जानेवारीत लिहिलेला आणि सप्टेंबरमध्ये एक शब्द दुरुस्त केलेला अहवाल बदलाच्या तारखेवर मांडला तर फक्त सप्टेंबरमध्ये दिसेल, आणि ज्याला तो जानेवारीतला म्हणून आठवतो त्याला तो सापडणार नाही. यावर उपाय म्हणजे शिक्क्यांऐवजी घटनांची नोंदवही ठेवणे: कोणत्या क्षणी कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडली, सेव्ह केली, पाठवली. लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉपसाठी तयार झालेले ‘त्साइटगाइस्ट’ हे याच स्वरूपाचे काम करत असे. आता तोच अहवाल जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये दोन्हीकडे दिसतो, आणि शोधण्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा आहे.

मात्र दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते ती नेमकी इथेच. पट्टीवर एकाच नावाची फाइल दोनदा दिसली की पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की या तिच्या दोन आवृत्त्या आहेत. तो जानेवारीतल्या कार्डावर, म्हणजे पट्टीवरच्या त्या नोंदीच्या चौकटीवर, क्लिक करतो आणि सप्टेंबरचा मजकूर उघडतो, कारण ते कार्ड केवळ एका घटनेची खूण आहे आणि दोन्ही खुणा आज डिस्कवर असलेल्या एकाच फाइलीकडे बोट दाखवतात. कार्डावर त्या वेळी टिपलेले पानाचे लहान चित्र असेल तर फसगत आणखी पक्की होते: चित्र जुने, मजकूर नवा. अशा मांडणीत कार्डावर नेहमी आजच्या फाइलीचेच चित्र दाखवावे आणि “12 जानेवारीला उघडली” असे घटनेचे क्रियापद स्पष्ट लिहावे, असे मला वाटते. केवळ “12 जानेवारी” एवढे लिहिले की ते आवृत्तीचे नाव वाटते.

दुसऱ्या प्रकारात तारखेचा प्रश्न वेगळा असतो. तिथली तारीख फाइलीची नसते. स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेणाऱ्या घड्याळाची असते. टाइम मशीन गेल्या 24 तासांसाठी दर तासाची, गेल्या महिन्यासाठी दर दिवसाची आणि त्याआधीच्या काळासाठी दर आठवड्याची अवस्था राखते, आणि डिस्क भरली की सर्वांत जुन्या अवस्था काढून टाकते. याचे दोन परिणाम इंटरफेसला पेलावे लागतात. एक म्हणजे दोन स्नॅपशॉटच्या मध्ये लिहून खोडलेला परिच्छेद या पट्टीवर कधीच नव्हता, त्यामुळे कितीही बारकाईने सरकवले तरी तो मिळणार नाही. दुसरा परिणाम नेमका उलटा आहे: वर्षभर न बदललेल्या फाइलीसाठी पट्टीवर डझनावारी तारखा असतात आणि त्या सगळ्यांमागे तोच मजकूर असतो. म्हणून फोल्डरसाठी सर्व तारखा दाखवल्या तरी एखादी फाइल निवडताच जिथे ती खरोखर बदलली तेवढेच टप्पे उरले पाहिजेत. ही साधी गोष्ट न केल्यामुळे लोक एकसारख्या प्रतींमधून हवी ती प्रत अंदाजाने शोधत बसतात.

पट्टीच्या मापाबाबतही दोन्हींच्या गरजा जुळत नाहीत. माणसाचे काम झुबक्यांनी होते. एका दिवशी शेकडो फोटो आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही, अशी फाइलींच्या कालरेषेची नेहमीची अवस्था असते. समान अंतराची पट्टी घेतली तर एक दिवस गुदमरतो आणि तीन आठवडे रिकामे पडतात. केवळ क्रम ठेवून अंतर काढून टाकले तर “बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर” ही जी भावना माणसाच्या आठवणीत असते तिचा आधार जातो. मोकळे अंतर आखडते घ्यावे, पण खंड पडला होता हे दिसू द्यावे, हा मधला मार्ग मला बरा वाटतो. शिवाय लोकांना तारखा फारशा आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. मेरेडिथ रिंगल, एडवर्ड कट्रेल, सुसान डुमे आणि एरिक होर्विट्झ यांनी 2003 मध्ये मांडलेल्या अभ्यासात शोधाच्या निकालांची कालरेषा एकदा नुसत्या तारखांसह आणि एकदा सुट्ट्या, बातम्या, भेटी, छायाचित्रे अशा खुणांसह दाखवली होती, आणि खुणा असताना लोकांना हवी ती वस्तू अधिक लवकर सापडली. फाइलींच्या कालरेषेला म्हणूनच कॅलेंडरची जोड अत्यावश्यक मानावी.

आवृत्त्यांच्या कालरेषेला या खुणांचा उपयोग बराच कमी आहे. तिथे माणूस बहुधा “बिघडण्याच्या आधी” एवढाच टप्पा शोधत असतो आणि त्याला हवा असतो दोन शेजारच्या अवस्थांमधला फरक. पट्टी जितकी मागे जाईल तितकी विरळ होते, ते जुन्या काळात काम कमी झाले म्हणून नव्हे तर जुन्या प्रती गाळल्या गेल्या म्हणून, आणि हे पट्टीने लपवता कामा नये. ऑनलाइन साठवणुकीतही हीच मर्यादा असते: गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या, गूगलच्या स्वतःच्या दस्तऐवजांखेरीज इतर प्रकारच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सर्वसाधारणपणे 30 दिवस किंवा 100 आवृत्त्या एवढ्याच मर्यादेत राहतात, आणि एखादी आवृत्ती कायम राखायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

फाइल काढून टाकणे या कृतीचा अर्थ तर दोन्हीकडे जवळपास उलटा होतो. घटनांच्या पट्टीवरील कार्ड काढले तर नोंद जाते आणि फाइल जागच्या जागी राहते. आवृत्त्यांच्या बाबतीत आजची फाइल काढली तरी मागील प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये ती शाबूत असते, आणि गोपनीय कागद खरोखर नष्ट करायचा असेल तर त्या सर्व अवस्थांमधून तो काढावा लागतो. दोन्ही ठिकाणी एकच कचरापेटीचे चिन्ह वापरणे हे अक्षम्य आहे. तीच गोष्ट बदल करण्याची: पहिल्या पट्टीवरून उघडलेली फाइल नेहमीसारखी लिहिता येते, दुसरीवरील प्रत मात्र फक्त वाचता आली पाहिजे, आणि ती परत आणताना आजची प्रत झाकायची की दोन्ही ठेवायच्या हे विचारूनच पुढे जायला हवे.

फाइली लावून ठेवण्याच्या कामी यांपैकी काय उपयोगी पडते, याचे उत्तर फक्त पहिल्या प्रकाराशी संबंधित आहे, आणि तेही अर्धेच. बॉनी नार्डी आणि डेबोरा बॅरो यांनी 1995 मध्ये दाखवून दिले होते की लोक फाइल कुठे ठेवली यावरून ती शोधणे पसंत करतात आणि पडद्यावरच्या जागेचा उपयोग स्वतःला आठवण करून देण्यासाठीही करतात. लाइफस्ट्रीम्सच्या बाजूने त्यावर लेखी उत्तरही दिले गेले. फोल्डर हद्दपार करण्याइतका काळाचा आधार पुरेसा नाही, असे माझे मत आहे. फोल्डरांना छेद देणारी दुसरी वाट म्हणून तो उत्तम आहे.

दोन्ही कल्पना जाणीवपूर्वक एकत्र आणण्याचा चांगला प्रयत्न सोनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेतील जुन रेकिमोतो यांनी 1999 मध्ये केला. त्यांच्या ‘टाइमस्केप’मध्ये डेस्कटॉपच काळात मागेपुढे नेता येई, नको झालेली वस्तू निर्धास्तपणे काढून टाकावी, कारण ज्या दिवशी ती पडद्यावर होती त्या दिवसाकडे परत जाता येते, आणि पुढच्या तारखेला जाऊन ठेवलेली चिठ्ठी त्या दिवशी समोर येते. असे मिश्रण आज करायचे झाल्यास दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठेवणे हिताचे ठरेल: कामाची पट्टी आडवी आणि कायम दिसणारी, आवृत्त्यांची उभी आणि एखादी फाइल निवडल्यावरच उघडणारी. आडवी पट्टी “आत्ता”च्या पलीकडे जाऊन नियोजित कामे दाखवू शकते. उभी मात्र “आत्ता”पाशीच थांबली पाहिजे, कारण तिच्यावर ठेवायला त्यापुढची कोणतीही प्रत अस्तित्वात नसते.