भूस्थानिक जागानिवड (शहरी घरबांधणी, मराठवाडा)

उतार, माती, पाणी, रस्ते, पूररेषा, मालकी अशा माहितीचे थर जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या) प्रणालीत एकावर एक ठेवून वस्तीजोगी जमीन शोधण्याची पद्धत. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते.

सगळे थर आधी एकाच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणावे लागतात. मराठवाडा बहुतेक यूटीएम या जागतिक प्रक्षेपणाच्या 43 उत्तर विभागात बसतो. 78 अंश रेखांशापलीकडचा किनवटकडचा पट्टा तेवढा 44 मध्ये जातो. नकाशाची चौकट (प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, पिक्सेल) गुंठ्यांत मोजली की तिची मर्यादा लगेच कळते. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या प्रतिमेतली 10 मीटरची चौकट म्हणजे साधारण एक गुंठा. एसआरटीएम या अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीच्या उंची-नकाशातली 30 मीटरची चौकट म्हणजे जवळपास नऊ गुंठे. त्यात पंधरा फुटी ओढा दिसतच नाही, आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरते ते नेमके याच ओढ्याचे. ओढे गावनकाशावरून हाताने रेखाटून घ्यावेत. प्रतिमा ऑक्टोबर-नोव्हेंबरची घ्यावी. मे महिन्यातली उघडी रानं आणि मुरमाड माळ संगणकाला बांधकामासारखे दिसतात.

जमिनीला निकषांनुसार गुण देणे नंतर, नको ती जमीन वगळणे आधी. निळ्या पूररेषेच्या (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आतली जमीन, तलाव, वनजमीन आणि संरक्षित स्मारकापासून 100 मीटरचा प्रतिबंधित पट्टा थेट कापून टाकायचा. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा यांच्या आसपास हा थर विसरून चालत नाही. स्मारकाच्या प्रतिबंधित पट्ट्यापुढचे आणखी 200 मीटर नियंत्रित असतात; ते वगळू नयेत, पण वेगळे दाखवावेत.

ही वगळणी टाळली तर काय होते? समजा रस्त्याला 40, उताराला 30 आणि पुराला 30 टक्के भार दिला. नदीकाठच्या एका तुकड्याला पाचपैकी रस्त्याचे 5, उताराचे 5 आणि पुराचा 1 गुण मिळाला. बेरीज 2 + 1.5 + 0.3, म्हणजे 3.8. पाण्याखाली जाणारी जमीन नकाशावर हिरवी, म्हणजे योग्य, झाली! भार ठरवायला गणितज्ञ थॉमस साटी यांची एएचपी (निकषांचे महत्त्व आकड्यांत मांडण्याची) पद्धत सर्रास वापरतात: निकषांची जोडीजोडीने 1 ते 9 अशी तुलना करायची आणि विसंगती गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.10 च्या आत ठेवायचे. पण तुलना सुसंगत असली म्हणजे बरोबर असते असे नाही.

डोंगराळ भागातल्या अभ्यासांतले भार इथे जसेच्या तसे उचलणे ही नेहमीची चूक. बालाघाटच्या रांगा सोडल्या तर मराठवाड्यात उतार फारसा फरक दाखवत नाही. फरक पडतो तो काळ्या मातीच्या जाडीने. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरपे तडे जातात. मुरूम तीन-चार फुटांवर लागला तर पाया त्यावर नेता येतो. माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात आणि खर्च वाढतो. मृदा-नकाशा ढोबळ असतो, म्हणून निवडलेल्या प्रत्येक तुकड्यात चाचणीखड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते पाहावे. शिवाय सपाट, खोल काळी जमीन हीच उत्तम शेतजमीन; घरे बांधली की तीही जाते.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपापूर्वी तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जाई; 2002 च्या भारतीय भूकंप-मानकात तो क्षेत्र 3 मध्ये आला. मात्र एका शहरापुरत्या नकाशात भूकंपक्षेत्र सगळीकडे एकच असते, त्यामुळे त्याने जागा ठरत नाही, बांधकामाचा आराखडा ठरतो. पाण्याचे तसे नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बोअरच्या भरवशावर गुण न देता जलवाहिनी आणि जलकुंभापासूनचे अंतर मोजावे. कुंभाहून उंच जमिनीला पंपाचा खर्च धरावा.

मालकीचा थर सर्वांत चिवट. एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले; जुना नंबर नव्या नकाशावर शोधला तर भलतेच रान हाती लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन), गायरान किंवा निजामकाळातल्या मदतमाश (निर्वाहासाठी), खिदमतमाश (सेवेबद्दल) इनामाची नोंद असेल तर तो गट वेगळ्या रंगात ठेवावा आणि मोजणीचे पैसे भरण्याआधी फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) काढून पाहावेत.